सरकारी आकडेवारी मिळवून ती सर्वांसाठी खुली कशी करायची: खान्देशातल्या गावांसाठी कामाचा क्रम

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत माहिती अधिकाराचे अर्ज भरपूर पडतात. त्यातून हाती आलेले कागद मात्र बहुतेक वेळा अर्जदाराच्या पिशवीत राहतात, फार तर एखाद्या बातमीपुरते बाहेर येतात. पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातला कोणी तोच अर्ज पुन्हा करतो, तेच कार्यालय त्याच नोंदवहीच्या झेरॉक्स पुन्हा काढते आणि गावाला कळायचे ते कळत नाहीच. माहिती एका माणसाला मिळणे आणि ती सर्वांना वापरता येईल अशी खुली होणे, यांत बरेच काम आहे. ते काम क्रमाने केले तर एका अर्जावर पूर्ण तालुका पुढची कितीतरी वर्षे आकडे वापरू शकतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. प्रश्न ठरवण्याआधीच अर्ज लिहिला जातो. माहिती कोणत्या स्वरूपात हवी हे अर्जात येतच नाही. मिळालेली यादी न तपासता, लोकांच्या आधार क्रमांकांसकट, व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते. आणि कार्यालयाने ही माहिती पुढे स्वतःहून प्रसिद्ध करावी अशी मागणी करायची राहूनच जाते. खालचे टप्पे या चुका डोळ्यांसमोर ठेवून लावले आहेत. क्रम बदलू नका. खासगीपणाची तपासणी प्रकाशनानंतर करून काही उपयोग नसतो.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात बसवा

ग्रामसभेत कोणी विचारते, "आमना गावमा कितला पाऊस पडना?" प्रश्न रास्त आहे, पण असाच अर्जात उतरवला तर उत्तर "माहिती उपलब्ध नाही" असेच येईल, कारण गावनिहाय पाऊस बहुतेक ठिकाणी मोजलाच जात नाही. पाऊस मोजतात महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटाच्या, केंद्रावर. अतिवृष्टीचे निकष, फळपीक विम्यातले संदर्भ हवामान केंद्र, सगळे मंडळाला बांधलेले असते. म्हणून प्रश्न असा घडवा: "आमचे गाव ज्या महसूल मंडळात येते, त्या मंडळाच्या केंद्रावर जून ते सप्टेंबर या काळात रोज किती मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, केंद्र नेमके कुठे आहे आणि कोणत्या दिवशी ते बंद होते?"

अर्जाआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. क्षेत्र कोणते: गाव, मंडळ, तालुका की पाणलोट? कालावधी कोणता: नेमक्या तारखांसह. आणि नोंद कोणत्या पातळीवर होते: रोजची, महिन्याची की वर्षातून काही वेळाच? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिथे "दर महिन्याची पातळी द्या" असे मागणे म्हणजे नकाराला आपणच जागा करून देणे.

तपासणी: तुमचा प्रश्न गावातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा. "पण यातून मला काय कळणार?" असे त्याने विचारले तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

टप्पा २: आधीपासून खुले काय आहे ते पाहा

ही पायरी लोक हमखास गाळतात. जे संकेतस्थळावर आहे तेच अर्जाने मागितले की अधिकारी पत्ता कळवून मोकळा होतो आणि महिना वाया जातो.

- मंडळनिहाय व तालुकानिहाय पाऊस: कृषी विभागाचे महारेन संकेतस्थळ.
- बाजार समित्यांची आवक आणि भाव: ॲगमार्कनेट. जळगावची केळी, धुळ्याचा कांदा, नंदुरबारची मिरची इथे शोधा.
- ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतला खर्च: ई-ग्रामस्वराज.
- शाळांतील खोल्या, शिक्षक, पटसंख्या: यू-डायस प्लस.
- शासन निर्णय: महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय संकेतस्थळ.
- केंद्राच्या अनेक खात्यांचे तक्ते: डेटा डॉट गव्ह डॉट इन. केंद्राचे २०१२ चे माहिती-वाटप धोरण आले त्याच वर्षी हे संकेतस्थळ सुरू झाले.

तिथे मिळालेले पान लगेच साठवून ठेवा आणि कोणत्या दिवशी उतरवले ते लिहा. संकेतस्थळे बदलतात, जुने तक्ते गायब होतात. काही ठिकाणी माहिती एकावेळी एकाच दिवसाची दिसते. ती रोज उतरवून एका तक्त्यात आणणे हेसुद्धा खुलेपणाचेच काम आहे आणि त्याला अर्जही लागत नाही.

टप्पा ३: योग्य कार्यालय आणि योग्य नोंदवही शोधा

"तहसीलदार साहेबांकडे सगळे असते" या समजुतीने अर्ज चुकीच्या टेबलावर जातो. साधारण वाटणी अशी आहे. पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) आणि पीक नुकसानीचे पंचनामे तहसील कार्यालयात असतात. निरीक्षण विहिरींच्या नोंदी भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात, वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे मिळतात. धरणांतला साठा आणि आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) पाटबंधारे विभागाकडे असतात. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावातच आहे. अंगणवाड्यांची माहिती एकात्मिक बालविकास सेवा प्रकल्प कार्यालयात, तर गावातल्या कर-आकारणीची आणि खर्चाची माहिती ग्रामपंचायतीच्या नमुन्यांत सापडते. नमुना ५ ही सामान्य रोकडवही, नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही.

नोंदवहीचे नेमके नाव माहीत नसेल तर एक सोपा मार्ग आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यांत "कार्यालयाकडे असलेल्या दस्तऐवजांच्या प्रवर्गांचे विवरण" ही एक बाब आहे. ती यादी आधी मागा आणि वाचा. नोंदवहीचे जे नाव तिथे छापले आहे तेच नाव अर्जात जसेच्या तसे वापरा. त्यानंतर "अशी नोंदवही या कार्यालयात नाही" असे उत्तर देणे अवघड होते.

याहून चांगले म्हणजे प्रत्यक्ष जाऊन पाहणे. २०१८ मध्ये शासनाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याच्या सूचना दिल्या आहेत. नोंदवहीचे रकाने एकदा डोळ्यांखालून गेले की अर्ज निम्मा लिहून होतो. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. लिपिकाशी दोन शब्द बोलणे होते, माहिती संगणकात आहे की कागदावरच आहे हे कळते, आणि अर्जात रागाचा सूर येत नाही.

टप्पा ४: अर्ज लिहा

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज जोडपत्र "अ" मध्ये करायचा, ₹१० चा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, अशी मर्यादा आहे. पाऊस, विहिरी आणि पीक विमा एकाच अर्जात कोंबू नका. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. तुमचे कार्यालय त्या यादीत आहे का, हे आधी पाहून घ्या.

उदाहरणादाखल मजकूर:

> विषय: रावेर तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या भूजल पातळीच्या नोंदी.
>
> कालावधी: १ जानेवारी २०१५ ते ३१ डिसेंबर २०२४.
>
> आपल्या कार्यालयाच्या अभिलेखानुसार प्रत्येक निरीक्षण विहिरीबाबत पुढील माहिती मिळावी: (अ) विहिरीचा क्रमांक, गाव, अक्षांश व रेखांश, (आ) प्रत्येक मोजणीची तारीख आणि जमिनीपासून पाण्याची खोली, मीटरमध्ये, (इ) मोजणी झाली नसल्यास नोंदवहीत नमूद केलेले कारण.
>
> ही माहिती संगणकात ज्या स्वरूपात आहे त्याच स्वरूपात, म्हणजे एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल, कलम २(ञ) व ७(९) नुसार ई-मेलने द्यावी. माहिती संगणकात नसल्यास मूळ नोंदवही पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी. माहिती अन्य प्राधिकरणाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज हस्तांतरित करावा.

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. सीएसव्ही म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडणारी साध्या मजकुराची तक्ता-फाइल. कलम २(ञ) माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचा हक्क देते. कलम ७(९) सांगते की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात एरवी दिली पाहिजे. तसे देण्यात कार्यालयाचा फार मोठा वेळ जाणार असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तर स्वरूप बदलता येते, पण माहितीच नाकारण्यासाठी हे कलम वापरता येत नाही. "माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही" असे उत्तर आले तर अपिलात पहिला मुद्दा हाच घ्या.

"का हवी आहे" हे लिहू नका. कलम ६(२) नुसार कारण विचारता येत नाही.

सावधान: "विश्लेषण करून द्या", "टक्केवारी काढून द्या", "तुलना करून कळवा" असे काहीही मागू नका. कार्यालयाने नवी माहिती तयार करून देणे बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कच्ची नोंद मागा, बेरीज आपण करू. आणि "का?", "कोण जबाबदार?" हे प्रश्न अर्जात नकोतच. ते आकडे हाती आल्यावर ग्रामसभेत विचारा.

टप्पा ५: अर्ज दिल्यानंतरचे दिवस

पोच घ्या. पोचेवर तारीख आणि शिक्का असला पाहिजे. तिथून ३० दिवस मोजा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर ५ दिवसांत तो पुढे पाठवणे त्यांचे काम आहे.

शुल्क भरण्याचे पत्र आले तर उशीर करू नका. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत. ए-४ आकाराच्या पानाला ₹२ असा दर आहे. शेकडो पानांचे शुल्क मागितले गेले तर लगेच भरू नका. ई-मेलने फाइल मागितली होती, याची लेखी आठवण द्या, किंवा नोंदवही पाहायला जा आणि हवी तीच पाने निवडा. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) नुसार मोफत द्यावी लागते.

उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर जोडपत्र "ब" मध्ये प्रथम अपील, ₹२० च्या स्टँपसह, ३० दिवसांच्या आत. इथे माणसे चुकतात ती अशी: "आज देतो, उद्या देतो" या आश्वासनावर विसंबून अपिलाची मुदत घालवतात. बोलणी चालू ठेवा, पण अपील वेळेत टाका. दुसरी चूक म्हणजे अपिलात नवीन माहिती मागणे. अपील मूळ अर्जापुरतेच असते.

दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, ९० दिवसांच्या आत. त्याला वेळ लागतो, हे धरून चाला. पण लिहिताना नुसते "मला माहिती द्यावी" एवढेच मागू नका. कलम १९(८)(क) नुसार आयोग त्या प्रकारची माहिती प्रसिद्ध करण्याचाच आदेश कार्यालयाला देऊ शकतो. ती मागणी अपिलाच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट करा. खुलेपणासाठी काम करणाऱ्याच्या हातातले हे सगळ्यात मजबूत हत्यार आहे आणि आपल्याकडे ते फार कमी वेळा उचलले जाते.

टप्पा ६: आकडे स्वच्छ करा

खरे काम इथे आहे. घाई इथेच नडते.

पहिली गोष्ट: मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत काढा आणि काम प्रतीवर करा. मूळ फाइलच्या नावात कार्यालय, विषय, कालावधी आणि मिळाल्याची तारीख असू द्या. जावक क्रमांकासह आलेले पत्रही स्कॅन करून सोबत ठेवा. उद्या कोणी "हे आकडे कुठून आणले?" असे विचारले तर उत्तर त्या पत्रात आहे.

६.१ फाँट. जुन्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतात. उघडल्या की अर्थहीन अक्षरे दिसतात. परिवर्तक वापरून त्या युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत) आणा आणि गावांची नावे एकेक करून वाचा. रफार, ऱ्ह आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. मुक्ताईनगर तालुक्यातल्या "कुऱ्हा"चे काय झाले ते पाहिले की परिवर्तकाचा दर्जा कळतो.

६.२ अंक. पत्रात, फलकावर मराठी अंक शोभतात, पण एक्सेलमध्ये ते अनेकदा मजकूर म्हणून बसतात आणि बेरीज शून्य येते. कामाच्या फाइलमध्ये आकडे संगणकी अंकांत (1, 2, 3) ठेवा. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्राने वाचून घेतले असेल तर १ आणि ९ यांची गल्लत शोधा. छापील बेरीज आणि तुमची बेरीज जुळली पाहिजे.

६.३ एक ओळ, एक नोंद. सरकारी तक्त्यात तालुक्याचे नाव एकदाच, जोडलेल्या मोठ्या चौकटीत असते आणि मध्येच "एकूण" अशी ओळ येते. चौकटी सोडवा, प्रत्येक ओळीत तालुक्याचे नाव भरा, "एकूण"च्या ओळी काढून टाका. त्या राहिल्या तर पुढे बेरीज करणाऱ्याचे उत्तर दुप्पट येईल.

६.४ शून्य, निरंक आणि रिकामी जागा. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकात मिसळणे ही सगळ्यात महागडी चूक आहे. शून्य म्हणजे मोजले, पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे मोजलेच नाही, किंवा यंत्र बंद होते. "निरंक" या शब्दाखाली कार्यालये दोन्ही अर्थ भरतात. विचारून घ्या. कळले नाही तर जागा रिकामी ठेवा आणि शेऱ्यात मूळ शब्द लिहा. बंद केंद्राच्या दिवसांत शून्य भरले तर मंडळाची सरासरी खाली येते आणि पुढे तोच आकडा कोणाच्या तरी नुकसानभरपाईच्या वादात उभा राहतो.

६.५ पूर्णांक करू नका. एका दिवसात ६५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात. ६४.६ चे ६५ केले तर तुम्ही कागदावर अतिवृष्टी घडवली. दशांश जसे आहेत तसेच ठेवा.

६.६ तारखा. ०३/०७ ही ३ जुलै की ७ मार्च, हे संगणक आपल्या मनाने ठरवतो. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा. आणखी एक बारकावा: पावसाची नोंद सकाळी साडेआठला, मागच्या २४ तासांची होते. ५ जुलैच्या नावावरचा बहुतेक पाऊस ४ तारखेला पडलेला असतो. टिपणात हे लिहा.

६.७ गावांची नावे आणि संकेतांक. बुद्रुक, खुर्द, "प्र." अशा जोडण्यांची गावे खान्देशात पावलापावलावर आहेत आणि एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत आहेत. म्हणून नावाशेजारी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी गाव संकेतांक लिहा. त्या जनगणनेत नंदुरबारचा जिल्हा संकेतांक ४९७, धुळ्याचा ४९८ आणि जळगावचा ४९९ आहे. एक कार्यालय "अक्राणी" लिहिते, दुसरे "धडगाव". तालुका एकच आहे. जुन्या तक्त्यांतले "एदलाबाद" म्हणजे आजचे मुक्ताईनगर. आणि १ जुलै १९९८ पूर्वीच्या धुळे जिल्ह्याच्या आकड्यांत आजचा नंदुरबार जिल्हा धरलेला आहे. हे न पाहता आलेख काढला तर धुळ्याचे पीकक्षेत्र एका वर्षात कोसळलेले दिसेल.

६.८ भूजलाची दिशा. भूजलाचा आकडा म्हणजे जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. १२ वरून १८ झाला म्हणजे पाणी ६ मीटर खाली गेले. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरी आणि कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. तिथे "पातळी वाढली" असा मथळा गेला तर लोक उलटाच अर्थ घेतील. रकान्याचे नाव "पाण्याची खोली, जमिनीखाली, मीटर" असेच ठेवा आणि आलेखात शून्य वर घ्या.

तपासणी: चिठ्ठ्या टाकून २० ओळी निवडा. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. एकही चूक सापडली तर ती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखून त्या प्रकारासाठी पूर्ण फाइल पुन्हा तपासा. जवळच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा विभाग असेल तर विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येते. त्यांना खरा डेटा मिळतो, तुम्हाला दुसरी नजर मिळते.

टप्पा ७: कोणाचे खासगी उघडे पडत नाही ना, ते पाहा

घरकुल, रोजगार हमी, पीक विमा, निराधार योजना यांच्या याद्यांत नावे, आधार, बँक खाते, मोबाइल, जात, कधी आजारसुद्धा असतो. कार्यालयाने चुकून दिले म्हणून आपण ते पसरवायचे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहितीवरचे बंधन अधिक कडक केले आहे. व्यापक सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, ही तरतूद कलम ८(२) मध्ये अजून आहे. पण आपल्या बहुतेक कामांना नावांची गरजच नसते. गावनिहाय किती अर्ज, किती मंजूर, किती रक्कम, किती दिवसांत, एवढे पुरते.

आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने फाइलमधून पूर्ण काढा. नुसते लपवलेले रकाने दोन क्लिकमध्ये उघडतात.

लहान आकड्यांचा धोका वेगळा. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या एखाद्या पाड्याच्या अंगणवाडीत तीव्र कुपोषित बालकांची संख्या "१" अशी छापली, तर नाव न लिहिताही ते मूल आणि त्याची आई सगळ्या पाड्याला कळते. असे आकडे पर्यवेक्षिकेच्या बीटपर्यंत, म्हणजे तिच्याकडच्या सगळ्या अंगणवाड्यांचे मिळून, एकत्र करा. कुपोषणाची माहिती खुली झालीच पाहिजे, कारण तिच्यावर निधी आणि आरोग्य पथके ठरतात. ती खुली करताना त्या घराची मान खाली जाणार नाही, एवढी काळजी आपण घ्यायची आहे.

तपासणी: फाइल अशा माणसाला द्या जो त्या गावात राहतो. "यातला कोणी ओळखता येतो का?" एवढेच विचारा.

टप्पा ८: प्रकाशित करा

प्रकाशनाआधी स्वच्छ केलेली फाइल कार्यालयाला पाठवा आणि काही चूक दिसत असल्यास आठ दिवसांत कळवावी, असे लिहा. परवानगी मागायची नाही, चूक दाखवण्याची संधी द्यायची. बऱ्याचदा लिपिकच एखादी मोलाची दुरुस्ती सांगतो.

मग फाइल सीएसव्हीत, युनिकोडमध्ये साठवा. सोबत "आधी हे वाचा" नावाचे एक पानाचे टिपण जोडा. त्यात स्रोत कार्यालय, अर्जाची आणि उत्तराची तारीख, जावक क्रमांक, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक, रिकाम्या जागांचे कारण, तुम्ही केलेल्या दुरुस्त्या, आणि वापराची मुभा हे सगळे लिहा. संपर्कासाठी स्वतःच्या मोबाइलऐवजी वेगळा ई-मेल ठेवा.

वापराच्या मुभेबद्दल लोक गप्प राहतात आणि त्यामुळे पत्रकार, संशोधक फाइल वापरायला कचरतात. केंद्राच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरचे तक्ते २०१७ च्या सरकारी खुला डेटा परवान्याखाली येतात. स्रोताचा उल्लेख करून ते वापरता आणि पुन्हा छापता येतात, मात्र खात्याचे बोधचिन्ह वापरता येत नाही. तुम्ही स्वतः मांडलेल्या तक्त्यावर "स्रोताचा उल्लेख करून कोणीही वापरावा" असे स्पष्ट लिहा, किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय-परवाना (हेच सांगणारा तयार परवाना) लावा.

फाइल किमान दोन ठिकाणी ठेवा. एकट्याच्या ड्राइव्हवर ठेवलेली फाइल त्या माणसाचे खाते बंद झाले की जाते. इंटरनेट आर्काइव्ह आणि गिटहब या संकेतस्थळांवर फाइली सर्वांसाठी ठेवता येतात, आणि दोन्ही मोफत आहेत. व्हॉट्सॲपवर पडद्याचे छायाचित्र टाकू नका, दुवा टाका. छायाचित्रातून कोणी बेरीज करू शकत नाही.

आणि गावात? तिथे एक पान पुरते: एक आलेख, चार ओळी, मोठी अक्षरे, ग्रामपंचायतीच्या फलकावर. ग्रामसभेत ते अहिराणीत, सातपुड्यात पावरी किंवा भिलीत वाचून दाखवा. जो आकडा लोकांच्या बोलीत सांगता येत नाही, तो अजून आपल्यालाच नीट समजलेला नाही.

टप्पा ९: पुढच्या वेळी अर्जच लागू नये

कलम ४(२) नुसार कार्यालयांनी जास्तीत जास्त माहिती स्वतःहून, ठराविक काळाने द्यायची आहे, आणि कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते. तशी मागणी करणारे पत्र जन माहिती अधिकाऱ्याला (अर्जांना उत्तर देणाऱ्याला) नको, कार्यालय प्रमुखाला लिहा. त्यात तीन गोष्टी जोडा: तुम्ही स्वच्छ केलेली फाइल, कोऱ्या रकान्यांचा नमुना, आणि याच विषयावर आधी किती अर्ज आले ते. हा शेवटचा आकडा कार्यालयाच्या अर्ज नोंदवहीतून मिळतो. एकाच माहितीसाठी वारंवार अर्ज येत असतील तर ती प्रसिद्ध करण्यात कार्यालयाचाच वेळ वाचतो. साहेबांना ही भाषा कळते, आणि ती खरीही आहे.

मागणी छोटी ठेवा. "सर्व माहिती ऑनलाइन करा" या पत्राला फक्त पोच मिळते. "निरीक्षण विहिरींच्या चार मोजण्या, प्रत्येक मोजणीनंतर १५ दिवसांत, सोबतच्या नमुन्यात, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकाव्यात" याला होय किंवा नाही म्हणावे लागते.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठराव हा सरळ मार्ग आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेत "मासिक जमाखर्च फलकावर व ई-मेलवर प्रसिद्ध करणे" हा विषय आधी लेखी देऊन घालून घ्या. आयत्या वेळी मांडलेला विषय पुढे ढकलला जातो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या गावांत थेट येणाऱ्या ५ टक्के अबंध, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेल्या, निधीचा हिशेब याच ठरावात घ्या. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिथेही.

ठराव झाला की त्याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याच आठवड्यात घ्या आणि गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा. पहिले तीन महिने फलकावर काय लागले त्याचा तारखेसह फोटो ठेवा. महिना चुकला तर लेखी आठवण, दुसरा चुकला तर ठरावाच्या प्रतीसह गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार. पावसाच्या आकड्यांसाठी मात्र दिवाळीपर्यंत थांबू नका. सप्टेंबर संपला की पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका. नोंदी तोवर तालुक्यात जमा झालेल्या असतात, आणि अंतिम पैसेवारी जाहीर होण्याआधी ते आकडे गावाच्या हातात असायला हवेत.